मात्रा आणि मौन

काव्याची कारणे सांगताना मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन नावे घेतली. परंतु ‘हेतू’ हा शब्द मात्र त्याने एकवचनात योजिला. ही तीन स्वतंत्र कारणे नव्हेत, तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण होते, असे त्याने वृत्तीत स्पष्टही केले आहे. ‘काव्यप्रकाशा’तील हे एकवचन मराठीत पुष्कळ वेळा शिकविले गेले, पण त्याप्रमाणे विचार क्वचितच झाला. प्रतिभा ही आकाशातून कोसळणारी वीज आणि अभ्यास म्हणजे सुताराच्या पेटीतील रंधा-पटाशी, अशी एक वाटणी अर्वाचीन काळात रूढ झाली. तिच्या जोडीला जुनी वाटणी होतीच : संत, पंत आणि तंत. संतांचा तो उद्गार, पंतांची ती कारागिरी, शाहिरांचा तो रंग. हिंदी साहित्याच्या इतिहासकारांनीही भक्तिकाल आणि रीतिकाल अशी दोन दालने करून ठेविली, आणि एका दालनातील मनुष्य दुसऱ्यात फिरकतच नसावा अशा समजुतीने पुढील कित्येक पिढ्या अभ्यास करीत आल्या.

या वाटणीमुळे लेखकाच्या जीवनासंबंधीचा एक महत्त्वाचा प्रश्न निराधार राहतो. लेखन हे जर साधन असेल, तर त्याने लेखकाचे अंतःकरण घडते कोठे? उद्गारात की श्रमात? संताचे अंतःकरण लेखनाआधीच घडलेले असते आणि लेखन हा केवळ त्याचा ओघ, असे मानले, तर लेखनाला साधना म्हणण्याचे कारण उरत नाही. उलट, पंडिताच्या श्रमाचा आणि त्याच्या आत्म्याचा काहीच संबंध नाही असे मानले, तर आयुष्यभर एकेक अक्षर तोलणारा कवी हा केवळ तराजू ठरतो.

या वाटणीची परीक्षा घ्यायची तर आमेर हे स्थळ फार सोयीचे आहे. अरवलीच्या खिंडीत, मावठा तलावाच्या काठी वसलेले हे कछवाह्यांचे गाव; १७२७ मध्ये सवाई जयसिंहाने जयपूर वसवीपर्यंत राजधानी हीच होती. आजचा प्रवासी तेथे किल्ला आणि शीशमहाल पाहतो. परंतु सोळाव्या-सतराव्या शतकातील सुमारे ऐंशी वर्षांच्या अवधीत या एका खिंडीत दोन प्रकारची वाणी राहून गेली. १५८० च्या सुमारास तेथे दादू दयाळ आले आणि परंपरेप्रमाणे चौदा वर्षे राहिले. पुढे मिर्झा राजा जयसिंहाच्या दरबारात बिहारीलाल आला आणि त्याने ‘सतसई’ रचिली. एक निर्गुणाचा उपासक, कापूस पिंजणाऱ्यांच्या घरचा. दुसरा राजाश्रित, शृंगाराचा कवी. साहित्येतिहासाच्या दोन दालनांचे याहून शुद्ध नमुने शोधून सापडावयाचे नाहीत. आणि तरीही ज्याला त्यांच्या वाणीचा इतिहास जवळून पाहावयाचा आहे त्याला ती दालने तेथे टिकत नाहीत असेच आढळेल.

दादूंचे प्रथम घेऊ जाता पहिलीच गोष्ट लक्षात येते ती ही की, दादूंनी स्वतः लिहिले नाही. ते बोलले आणि गायिले, लिहिले दुसऱ्यांनी. आमेरच्या वास्तव्यात त्यांचे बोल टिपून ठेवणाऱ्या शिष्याचे नाव परंपरा मोहन दफ्तरी असे सांगते. ‘दफ्तरी’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. हिशेबाची बाडे सांभाळणारा तो दफ्तरी. त्याचा गुण प्रतिभा नव्हे, बिनचूकपणा. मराठी वाचकाला या ठिकाणी संताजी जगनाड्यांचे किंवा समर्थांचे दशक लिहून घेणाऱ्या कल्याणस्वामींचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. संताच्या मागे एक लेखक उभा असतो, आणि त्या लेखकाचे नाव ग्रंथावर नसते. ‘सहजोद्गार’ या शब्दाने आपल्यापर्यंत जे पोहोचले आहे ते सारे अशा कोणाच्या तरी हाताच्या शिस्तीतून गेलेले आहे, ही साधी गोष्ट सहजोद्गाराचे स्तोत्र गाताना विसरली जाते.

दादूंच्या वाणीचा पहिला संग्रह संतदास आणि जगन्नाथदास या शिष्यांनी केला असे म्हणतात. त्याला ‘हरडेवाणी’ हे नाव आहे. बोल जसे मिळाले तसे त्यात आले. त्याला आजचा आकार आला तो रज्जबांच्या हातून. रज्जब हे सांगानेरचे पठाण. त्यांच्या दीक्षेची कथा राजस्थानात सर्वश्रुत आहे : विवाहासाठी वऱ्हाड घेऊन निघालेला हा तरुण वाटेत आमेरला दादूंच्या दर्शनाला थांबला आणि तेथूनच परतला, लग्न राहिले, पण नवरदेवाचा पोशाख त्याने पुढे जन्मभर अंगावर वागविला. कथा जशीच्या तशी घडली असेल वा नसेल. तिचे मर्म मात्र पोशाखात आहे. मोक्षाचा क्षण एकच होता. पोशाख रोज सकाळी उठून घालावयाचा होता. क्षणाने जे दिले ते रोजच्या एका कृतीत बांधून ठेवणे, ही रज्जबांची वृत्ती त्यांच्या ग्रंथकार्यातही दिसते.

त्यांनी गुरूंच्या साखींची ‘अंगां’त मांडणी केली. गुरुदेवाचे अंग, स्मरणाचे अंग, विरहाचे अंग अशी ती सदतीस अंगे आहेत. पदे निराळी, रागांनुसार. वरवर पाहता हे केवळ वर्गीकरण वाटते. परंतु एखादी साखी विरहाच्या अंगात ठेवावी की परिचयाच्या, हे ठरविण्यासाठी ती साखी किती वेळा मनात घोळवावी लागली असेल याची कल्पना, ज्याने कधी दुसऱ्याच्या लेखनाचे संपादन केले आहे त्याला सहज यावी. संपादकाला स्वतःचे म्हणणे बाजूला ठेवावे लागते; पण बुद्धी बाजूला ठेवता येत नाही. ती तर अधिकच जागी ठेवावी लागते. अहंकार निजलेला आणि विवेक जागा ही अवस्था योगशास्त्रात ज्या कौतुकाने वर्णिली जाते, तिचे एक गृहस्थी, कष्टाचे रूप संपादनाच्या कामात असते. रज्जबांनी पुढे ‘सर्वंगी’ हा मोठा संग्रह केला, त्यात गुरूंबरोबर कबीर, नामदेव, रैदास आणि इतर अनेक संतांना जागा दिली. पंथाचा अनुयायी पंथाबाहेरच्या वाणीला स्वतःच्या गुरूच्या शेजारी बसवितो, यात त्याचा आध्यात्मिक अधिकार जितका दिसतो तितका एखाद्या स्वतंत्र पदात क्वचितच दिसेल.

याच दशकात पैठणला काय चालले होते ते येथे आठवणे इष्ट आहे. दादू आमेरला असताना, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका त्यांनी त्याआधी काशीत, १५७३ मध्ये, पूर्ण केलेली होती. म्हणजे स्वतःच्या ग्रंथाने कीर्ती मिळालेला हा कवी दुसऱ्याच्या ग्रंथाच्या शुद्धलेखनाला बसला. पुढे कोणी त्या पाठात आपली ओवी घुसडू नये, असा कठोर इशाराही त्यांनी शेवटी देऊन ठेविला. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागविल्याची कथा मुलांना पाठ असते. ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ ही त्याच रात्रीची पुढील पाने होत, हे मात्र सांगितले जात नाही. पैची चूक सापडली तेव्हा त्यांना जो आनंद झाला त्याचे मोल गुरूंनी ओळखले, असे कथा म्हणते. तो आनंद संताचा होता की लेखनिकाचा, असा प्रश्न जनार्दनस्वामींना पडला नाही.

लेखनाच्या बाह्यांगाचा असा विचार मराठीत सर्वांत उघडपणे समर्थांनी केला. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास हस्ताक्षरावर आहे. अक्षर वाटोळे, मोकळे असावे. ओळींतील अंतर सारखे असावे. तरुणपणी बारीक लिहून ठेवाल तर म्हातारपणी वाचता येणार नाही. कागद, शाई, टाक, कोरा समास, बासन – काहीही त्यांनी सोडलेले नाही. आध्यात्मिक ग्रंथात हा कारकुनी उपदेश कशाला, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यातील एका अपेक्षेपाशी वाचक थांबला पाहिजे : पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने, एका दमात लिहिल्यासारखा दिसावा. ग्रंथ लिहावयास महिने लागतात. त्या महिन्यांत लिहिणाऱ्याला ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो, घरात कोणी दगावते. अक्षर तरीही तेच राहिले पाहिजे. समचित्तता हा जो गुण एरवी केवळ शब्दांत सांगितला जातो, त्याची परीक्षा समर्थांनी कागदावर डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडली. ज्याला ध्यान साधले की नाही हे स्वतःलाच कळत नाही, त्याला आपले पन्नासावे पान पहिल्या पानाशेजारी ठेवून पाहता येते.

येथवर जी शिस्त पाहिली ती संतांच्या भोवतालच्या लेखकांची. आता त्याच आमेरमध्ये, अर्धशतकानंतर, राजवाड्यात जावे.

मिर्झा राजा जयसिंह १६२१ मध्ये गादीवर आला. महाराष्ट्राला तो ठाऊक आहे तो १६६५ च्या पुरंदरच्या तहामुळे. १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरास त्याचा अंत झाला. बिहारीलाल त्याच्या दरबारी कसा शिरला याची आख्यायिका अशी की, राजा नव्या अल्पवयीन राणीच्या महालात गुंतून राज्यकारभार विसरला होता, कोणाची आत जाण्याची छाती नव्हती. तेव्हा बिहारीने एक दोहा लिहून आत पोहोचविला. भुंगा अजून न उमललेल्या कळीतच अडकला, तर पुढे त्याचे काय होणार, एवढाच त्याचा आशय. राजा बाहेर आला. त्याने कवीला आणखी दोहे लिहावयास सांगितले आणि दर दोह्यास एक मोहोर ठरविली.

दोहा म्हणजे मोजून अठ्ठेचाळीस मात्रा. पहिल्या चरणात तेरा, दुसऱ्यात अकरा. पुन्हा तेरा, पुन्हा अकरा. आणि दुसऱ्या-चौथ्या चरणांच्या शेवटी यमक. ओवीला अंग चोरता येते, पसरता येते. अभंगालाही गाणाऱ्याच्या गळ्याचा आधार असतो. दोह्याला तसा कोणताच आधार नाही. बिहारीसमोर जो आदर्श होता तो मूळचा महाराष्ट्राचा, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. सातशे मुक्तकांचा संग्रह करण्याची परंपरा सातवाहन हालाच्या माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’पासून चालत आली; स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिची मराठी आवृत्ती सिद्ध केल्यापासून गोदाकाठची ती शेते, त्या सुना, ते पांथस्थ मराठी वाचकाला पुन्हा ओळखीचे झाले. हालाच्या गाथेला पहिल्या अर्धात तीस आणि दुसऱ्यात सत्तावीस, अशा सत्तावन्न मात्रा मिळतात, आणि यमकाचे बंधन नसते. बिहारीने त्याहून नऊ मात्रा कमी घेतल्या, वर यमकाची बेडी घातली, आणि हालाच्या गाथेत जेवढे मावते तेवढे, पुष्कळदा त्याहून अधिक, त्यात बसविले. त्याच्या दोह्यांवर पन्नासाहून अधिक टीका लिहिल्या गेल्या, त्या उगाच नव्हेत.

हालाची शिस्त निवडीची होती. कोटी गाथांतून या सातशे वेचल्या, असे संग्रहाच्या आरंभीच सांगितले आहे. बिहारीची निवडही तितकीच कठोर असली पाहिजे, पण ती त्याने स्वतःवरच चालविली. जगन्नाथदास ‘रत्नाकर’ यांनी १९२६ मध्ये सिद्ध केलेल्या ‘बिहारी-रत्नाकर’ या प्रमाण आवृत्तीत दोह्यांची संख्या ७१३ आहे. परंपरेने बिहारीचे आमेरमधील आगमन १६३५ च्या सुमाराचे आणि सतसईची समाप्ती १६६२ ची धरली जाते. ही वर्षे स्वीकारली तर वर्षाला सव्वीस दोहे पडतात. म्हणजे पंधरवड्याला एक. आता आख्यायिकेतील मोहोर आठवावी. दर दोह्याला मोहोर मिळत असता जो कवी पंधरवड्याला एकच दोहा हातावेगळा करतो, त्याचा लोभ कोठे गेला? मोहोरेची कथा ही राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. तिचा खरा नायक कवीचा नकार आहे. सात हजार दोहे लिहिणे त्या मनुष्याला अशक्य नव्हते, आणि राजाला त्यातले उणे-अधिक कदाचित कळलेही नसते.

लेखकाच्या दिनक्रमाचे शास्त्र राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त घालून दिलेले आहे. हा राजशेखर कनौजच्या दरबारचा. परंतु त्याच्या पणज्याला, अकालजलदाला, ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. त्याने कवीच्या दिवसाचे चार प्रहर वाटून दिले : पहिल्यात विद्याभ्यास, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि चौथ्यात सकाळच्या रचनेची परीक्षा. चौथ्या प्रहराचे त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. रसाच्या आवेशात लिहिताना पारखणारी दृष्टी जागी नसते. म्हणून आवेश ओसरल्यावर अधिक ते काढावे, उणे ते भरावे, जागा चुकलेले हलवावे. प्रतिभा नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही; तिला फक्त दुसरा प्रहर दिला आहे. याच प्रकरणात त्याने कवीला तीन प्रकारचे शौच सांगितले – वाणीचे, मनाचे आणि शरीराचे – आणि कवीचा जसा स्वभाव तसे त्याचे काव्य, असा निर्वाळाही दिला. दिनचर्या आणि चित्तशुद्धी ही दोन प्रकरणे त्याने वेगळी केली नाहीत, याचे आजच्या वाचकाला जेवढे आश्चर्य वाटते तेवढे त्याच्या समकालीनांना वाटले नसावे.

तथापि बिहारीचा गौरव करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. मात्रांची शिस्त कवीला सर्व मोहांपासून वाचवीत नाही. आमेरच्या महालातील आरशांच्या दालनावर त्याचा एक दोहा आहे. त्यात जयसिंहाची कांती शेकडो आरशांत उमटते, आणि जणू जग जिंकण्यासाठी मदनानेच अनेक देह धारण केले आहेत अशी उत्प्रेक्षा येते. तेरा-अकराची मापे तेथेही बिनचूक आहेत. रचना निर्दोष आहे. पण शीशमहालाची एक दिवटी जशी भिंतभर हजार दिवट्या होऊन दिसते आणि उजेड मात्र एकीचाच असतो, तसे काहीसे त्या दोह्याचे झाले आहे. शिस्त होती, पण ती हाताची. मनाची त्या दिवशी सुटली होती.

आणि दुसऱ्या एका दिवशी ती सुटली नाही. सतसईतच ससाण्याला उद्देशून एक दोहा आहे. दुसऱ्याच्या हातावर बसून तू पक्षी मारतोस. यात ना तुझा स्वार्थ, ना पुण्य. हे श्रम फुकट आहेत, असा त्याचा रोख. मोगलांच्या चाकरीत लढणाऱ्या जयसिंहालाच हे सुनावले आहे, असे टीकाकार परंपरेने मानतात. मराठी मनाला हा दोहा पुरंदरच्या स्वारीला जोडावासा वाटतो, आणि तसे सांगणारेही आढळतात. परंतु सतसई १६६२ च्या सुमारास पुरी झाली, आणि कवीचा मृत्यू १६६३ चा मानतात. जयसिंह दक्षिणेत उतरला तो त्यानंतर. तेव्हा शिवाजी महाराजांशी या दोह्याचा संबंध जुळत नाही, आणि तो जुळविण्याचा मोह आवरला पाहिजे. अभ्यासकालाही शिस्त असावी लागते. संबंध तोडला म्हणून दोह्याचे तेज कमी होत नाही, उलट ते वाढतेच. एका विशिष्ट स्वारीवरची ती टिप्पणी राहत नाही. ज्याच्या ताटातले अन्न खावयाचे त्याच्याच जन्मभराच्या उद्योगावर, अठ्ठेचाळीस मात्रांत, नाव न घेता ठेविलेले ते बोट ठरते. येथे संक्षेप हाच कवीचा आश्रय झाला आहे. याच आशयाचे शंभर ओळींचे प्रकरण लिहिले असते तर ते एक तर लाचार झाले असते किंवा उद्धट. मात्रांनी त्याला दोन्हींपासून वाचविले.

एकाच संग्रहात आरसा आणि ससाणा दोन्ही आहेत. बिहारीने आपले दोहे विषयवार लाविले नाहीत. राधेच्या नमनाने आरंभ होतो, आणि मग शृंगार, नीती, भक्ती, चातुर्य एकमेकांशेजारी विखुरलेली येतात. पुढे आज़मशाही नावाने प्रसिद्ध असलेल्या क्रमात त्यांची विषयवार व्यवस्था लागली, आणि वाचकांची सोय झाली. परंतु मूळ क्रमाच्या अव्यवस्थेत लेखकाच्या आत्मिक वाढीसंबंधी एक सत्य जपले गेले होते. ही वाढ जिन्यासारखी नसते. शृंगाराची पायरी संपली, आता भक्तीची, असे तिच्यात होत नाही. आज भक्तीचा दोहा साधतो, उद्या खुशामतीचा, परवा राजाला टोचणारा. पत्नीच्या निधनानंतर बिहारी वृंदावनास गेला असे सांगतात, आणि चरित्रकार त्यात विरक्तीचा सुरेख शेवट पाहतात. असेलही. पण त्याची विरक्ती पाहावयाची तर ती वृंदावनापेक्षा, न लिहिलेल्या हजारो दोह्यांत पाहणे अधिक न्याय्य होईल.

दोन दालनांमधील भिंत शेवटी ज्याने पुरती पाडली तो कवी मात्र मराठीत फारसा परिचित नाही. सुंदरदासांचा जन्म १५९६ चा, दौशाचा. म्हणजे बिहारीचे ते जवळजवळ समवयस्क. बालपणीच दादूंचे शिष्यत्व, मग काशीत दीर्घ अध्ययन, नंतर शेखावाटीतील फतेहपुरास वास्तव्य, आणि १६८९ मध्ये सांगानेरला देहान्त. पंथाच्या परंपरेत शास्त्रशुद्ध छंदोज्ञान असलेला हा कवी. सवैया आणि कवित्त या दरबारी वृत्तांत त्यांनी निर्गुणाचे निरूपण केले, इतकेच नव्हे तर छत्रबंध, नागबंध असली चित्रकाव्येही रचिली. ज्याला संत म्हणावयाचे तो पंतांचा सर्वांत अवघड खेळ खेळतो, हे पाहून इतिहासकार गोंधळतात. सुंदरदास स्वतः गोंधळलेले नव्हते. बोलता येत असेल तरच बोलावे, नाही तर गप्प राहावे. यमक, छंद आणि अर्थ यांची रीत कळत असेल तरच जुळवावे, असे त्यांनी एका प्रसिद्ध कवित्तात बजावले आहे. आणि त्याच लेखणीने केशवदासाच्या ‘रसिकप्रिये’सारख्या शृंगारग्रंथांना, रोग्याला दिलेल्या मिष्टान्नाप्रमाणे, अपथ्यही ठरविले आहे. दोन्ही विधाने एकत्र वाचली म्हणजे त्यांची भूमिका कळते. छंदाचे अज्ञान त्यांना अनीतीइतकेच खुपते. कारण दोन्हीकडे मनुष्य स्वतःला मोकाट सोडतो.

रीतीच्या या निषेधात सुंदरदास बिहारीवर अन्याय करतात की काय, हा वेगळा प्रश्न आहे. त्यांनी नावे घेतली ती इतर ग्रंथांची. सतसईतील ससाणा त्यांच्या वाचनात आला असता तर काय झाले असते, असा विचार मनात येतो खरा. पण ते असो. येथे महत्त्वाची गोष्ट ही की, गप्प राहण्याची आज्ञा एका अत्यंत विपुल लिहिणाऱ्या संताने दिली आहे. दादूंनी लेखणी हाती धरली नाही. रज्जबांनी आपला शब्द बाजूला ठेवून इतरांचे शब्द लाविले. बिहारीने मोहोरांकडे पाठ फिरवून दोहे टाकून दिले. सुंदरदासांनी बोलण्याआधी बोलण्याची पात्रता मागितली. चौघांचे मौन निराळे, आणि चौघांची वाणी त्या मौनावर उभी.

दादूपंथी लेखकांच्या शिस्तीचा एक लाभ महाराष्ट्राच्या पदरातही पडला आहे. पंथाच्या साधूंनी राजस्थानभर ‘पंचवाणी’च्या पोथ्या लिहिल्या, त्यांत दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास अशा पाच संतांची वाणी एकत्र असते. नामदेवांची हिंदी पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात एकसष्ट आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. राजस्थानातील पोथ्यांत ती किती मोठ्या प्रमाणात टिकली, याची जाणीव मात्र उशिरा झाली. पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांनी संपादिलेली ‘संत नामदेव की हिन्दी पदावली’ प्रसिद्ध केली, आणि १९८९ मध्ये विनांद कालेवार्त व मुकुंद लाठ यांनी राजस्थानी हस्तलिखितांच्या आधारे या पदांचे चिकित्सक संपादन केले. ज्या साधूंनी या पोथ्या लिहिल्या त्यांतील बहुतेकांनी चंद्रभागा कधी पाहिली नसेल. विटेवरच्या देवाशी त्यांच्या निर्गुण उपासनेचे जुळणारेही नव्हते. तरीही पदात ‘बीठल’ असे आले तेथे त्यांनी ‘बीठल’ असेच लिहिले, आणि पाचांच्या त्या पंक्तीत शिंप्याच्या पोराला कबीरानंतरची, तिसरी जागा दिली.